कौलर्पावरचा दोन झडपांचा हिरवा जीव: शिंपला की गोगलगाय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही विशाखापट्टणमला प्राणिशास्त्र शिकता आहात. प्रात्यक्षिकासाठी खडकातल्या डबक्यातून कौलर्पा या हिरव्या समुद्री शैवालाचा झुबका आणलात. काचेच्या ताटलीत तो पसरल्यावर त्यात चार-पाच मिलिमीटरचे, हिरवट आणि अर्धवट पारदर्शक असे ‘शिंपले’ दिसले आणि वहीत तुम्ही तशी नोंदही केलीत. थोड्या वेळाने त्यातल्या एकाने झडपा किलकिल्या करून दोन शिंगं बाहेर काढली आणि तो शैवालाच्या देठावरून सरपटत निघाला. मैत्रीण म्हणते, दोन झडपा आहेत म्हणजे शिंपलाच, काही शिंपले चालतातही. तुम्हाला ते पटत नाही. म्हणून तीन गोष्टी विचारल्या आहेत: हा प्राणी कोण, वहीत नाव काय लिहायचं, आणि तो काही दिवस जिवंत ठेवता येईल का.

तुमच्या वर्णनावरून हा बर्थेलिनिया असण्याची शक्यता मला खूप वाटते. बर्थेलिनिया ही गोगलगायींची एक प्रजाती आहे, म्हणजे तुमच्या वहीतल्या वर्गीकरणात जीनस. तिच्यातले प्राणी शंखाऐवजी दोन झडपांचं कवच घेऊन फिरतात. मात्र मैत्रिणीचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. चालणारे शिंपले खरोखर असतात, आणि त्यातले काही याच आकाराचे, याच जागी सापडणारे आहेत. म्हणून खरा प्रश्न ‘हा शिंपला की गोगलगाय’ एवढ्यावर थांबत नाही. एखादा प्राणी कोणत्या गटातला, हे कवचावरून ठरवायचं की कवचाच्या आत राहणाऱ्या शरीरावरून, हा तो प्रश्न आहे. याच प्राण्याच्या बाबतीत जगभरच्या जाणकारांना त्याचं उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

ती हकीकत सांगते, कारण तुमच्या ताटलीत जे घडलं तेच थोड्या मोठ्या प्रमाणावर तेव्हा घडलं होतं. १८६२ मध्ये अमेरिकेतले ऑगस्टस गोल्ड यांनी हवाई बेटांवरून आलेल्या, बर्थेलिनियाच्या नात्यातल्या छोट्या हिरव्या कवचांना ज्युलिया एक्स्क्विझिटा असं नाव दिलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये हिपोलीत क्रॉस यांनी पॅरिसच्या परिसरातल्या इओसीन काळातल्या जीवाश्म कवचांवरून बर्थेलिनिया ही प्रजाती स्थापन केली. पुढे १८९५ मध्ये दोत्झेनबर्ग यांनी तिच्यात एका जातीची, म्हणजे स्पीशीजची, भर घातली. १९११ मध्ये ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावरून गॅटलिफ आणि गॅब्रिएल यांनी एडेंटेलिना टिपिका वर्णन केली. १९१८ मध्ये डॉल यांनी मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातून आणखी एक जात नोंदवली. ही सगळी माणसं कवचांच्या अभ्यासात मुरलेली होती आणि सगळ्यांनी हे जीव शिंपल्यांत घातले. त्यांच्यापुढे रिकाम्या झडपा होत्या. दोन झडपा, वर बिजागरीची कड, आत स्नायू चिकटल्याची खूण. एवढ्या सामग्रीवर दुसरा निष्कर्ष निघणं कठीण होतं.

मग १९५९ मध्ये जपानच्या सेतो अंतर्समुद्रातल्या तामानो इथे ओकायामा विद्यापीठाचे सिरो कावागुती यांना कौलर्पा ओकामुराई या शैवालावर दोन झडपांचे जिवंत हिरवे जीव मिळाले. ते जीव डोकं आणि शिंगं बाहेर काढून, सपाट पायावर चालत होते. समुद्री स्लगचे, म्हणजे बिनकवचाच्या समुद्री गोगलगायींचे, अभ्यासक किकुतारो बाबा यांच्याबरोबर त्यांनी या प्राण्याला टॅमानोव्हाल्व्हा लिमॅक्स हे नाव देऊन तो गोगलगायींच्या सॅकोग्लॉसा गटातला असल्याचं जाहीर केलं. तो पुढे बर्थेलिनिया लिमॅक्स या नावाने पुस्तकांत येऊ लागला. जपानची बातमी आल्यावर इतरांनीही आपापल्या किनाऱ्यावरचं कौलर्पा तपासायला घेतलं. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट बर्न यांनी १९६०मध्येच तिथल्या दोन झडपांच्या गोगलगायींबद्दल लिहिलं. १९६३ मध्ये एडमंड्स यांनी जमैकाहून बर्थेलिनिया कॅरिबिया ही जात वर्णन केली. प्राणी सगळीकडे होतेच, फक्त त्यांच्या अन्नावर त्यांना कुणी शोधलं नव्हतं.

आपल्या देशातली नोंद तर तुम्ही राहता त्याच गावाशी जोडलेली आहे. सरमा यांनी १९७५ मध्ये भारताच्या किनाऱ्यावरून दोन जाती वर्णन केल्या. एकीचं नाव बर्थेलिनिया वॉल्टेअरेन्सिस, आणि वॉल्टेअर म्हणजे तुमचं विशाखापट्टणमच. दुसरी बर्थेलिनिया गणपती. आंध्र विद्यापीठात समुद्री प्राणिशास्त्राची मोठी परंपरा उभी करणाऱ्या प्रा. पी. एन. गणपती यांचं नाव त्यात आहे. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या बेटावरचा चमत्कार तुमच्या ताटलीत आला, असं समजू नका. तो तिथलाच आहे. कौलर्पा हलक्या हाताने आणून ताटलीत वेळ देऊन बघणारं कुणी असलं की दिसतो.

आता ओळख कशी पटवायची ते सांगते. मी ज्या क्रमाने बघते तोच क्रम देते, कारण या क्रमामागे कारण आहे: आधी जे जिवंत प्राण्यात दिसतं ते, मग जे कवचात राहतं ते.

पहिल्यांदा डोकं शोधा. शिंपल्याला डोकं नसतं, हा या सगळ्या चर्चेतला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. तिसऱ्या, खुबे, कालवं, कुठलाही शिंपला घ्या, त्याला पाय असेल, पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्या असतील, प्रावाराच्या, म्हणजे कवचाच्या आतून शरीराला लपेटणाऱ्या पडद्याच्या, कडेला बारीक तंतू असतील, पण डोकं म्हणावं असा भाग नसतो आणि दातांची पट्टीही नसते. बर्थेलिनियाला स्पष्ट डोकं असतं. त्यावर दोन शिंगं, आणि ती शिंगं भरीव नसून पान गुंडाळावं तशी बाजूने उघडी असतात. शिंगांच्या मागे मानेवर दोन काळे ठिपके एकमेकांच्या अगदी जवळ दिसतात, ते डोळे. कवच पारदर्शक असल्यामुळे प्राणी आत शिरला तरी ते बाहेरून दिसू शकतात. बारा-पंधरा पट मोठं दाखवणारं भिंगही यासाठी पुरतं.

आता मैत्रिणीच्या मुद्द्याकडे येते. गॅलिओमॅटिडी नावाच्या कुळातले छोटे शिंपले खरंच गोगलगायीसारखे सरपटतात. त्यांच्या प्रावाराचे तंतू झडपांबाहेर येतात आणि घाईत बघणाऱ्याला ते शिंगांसारखे वाटतात. पण ते तंतू पुढे येतात तसे मागच्या बाजूलाही येतात, मधल्या कडेलाही असू शकतात, आणि त्यांच्या मुळाशी डोकं नसतं. बर्थेलिनियाची शिंगं दोनच, आणि ती फक्त पुढे. प्राण्याला उलटं करून, म्हणजे ताटलीच्या काचेला चिकटलेला असताना खालून बघितलंत, तर आणखी एक फरक दिसेल. बर्थेलिनियाचा पाय लांबट, सपाट तळव्याचा असतो आणि डोक्यापासून मागपर्यंत सलग जातो. तोंडही खालूनच दिसतं. शिंपल्याचा पाय पुढे ताणतो, टेकतो आणि शरीर मागून ओढून घेतो, त्यामुळे चाल बहुधा थांबत-थांबत होते. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते की चालीवर शेवटचा निर्णय घेऊ नका, पण चाल बघितल्यावर कुठे बारकाईने बघायचं ते कळतं.

ताटलीत आणखी एक गट गोंधळ घालू शकतो. ऑस्ट्रॅकॉड म्हणजे दोन झडपांच्या कवचात राहणारे कवचधारी संधिपाद. कौलर्पाच्या झुबक्यात ते भरपूर असतात. ते झडपांमधून सांध्यांचे पाय काढतात आणि झटके देत पळतात किंवा पोहतात. पाय दिसले की प्रश्न संपला.

प्राणी मेला असेल, किंवा वाळूत नुसती झडप मिळाली असेल, तर काम अवघड होतं, पण अशक्य नाही. डाव्या झडपेचं टोक शोधा. डावी कोणती हे ठरवायला बिजागरी वर आणि डोकं आपल्यापासून दूर धरायचं, मग डाव्या हाताला येईल ती डावी. त्या झडपेच्या शेंड्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली चाळीस पटीच्या आसपास, अगदी छोटं पिळाचं कवच चिकटलेलं दिसेल. ते या प्राण्याचं बाळपणीचं कवच आहे. उजव्या झडपेवर ते नसतं. कुठल्याही शिंपल्याच्या एकाच झडपेवर असा शंखाचा पीळ बसलेला नसतो. कवच लाटांत घासलेलं असेल तर पीळ झिजून गेलेला असतो, तेव्हा तो दिसला नाही एवढ्यावरून ‘हा बर्थेलिनिया नाही’ असं म्हणता येत नाही. दिसला तर मात्र तो शिंपला नाही, याबद्दल शंका उरत नाही. झडपेच्या आत मध्याच्या आसपास स्नायूची एकच गोल खूण असते. ही खूण मदतीची आहे, पण एकटीच पुरावा म्हणून चालणार नाही, कारण कालवासारख्या शिंपल्यांतही एकच खूण उरलेली असते. बिजागरीही सारखी नसते. बर्थेलिनियाच्या झडपा पातळ असतात आणि त्यांच्या बिजागरीत भरदार दात नसतात. तिच्या नात्यातल्या ज्युलियाचं कवच जाड, आणि बिजागरीत एक ठळक उंचवटा व त्यात बसणारा खळगा असतो.

हा डाव्या झडपेवरचा पीळ मला या प्राण्याबद्दल सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात त्याचा जन्मापासूनचा प्रवास लिहिलेला आहे. अंड्यातून बाहेर पडणारी अळी, जिला व्हेलिजर म्हणतात, ती साध्या गोगलगायीच्या अळीसारखीच असते: एकच पिळाचं कवच, आणि तोंड बंद करायला एक झाकण. ती शैवालावर स्थिरावली की झाकण टाकून देते. मग कवच पिळात वाढण्याऐवजी पसरत जातं, आणि प्रावाराच्या उजव्या बाजूला दुसरी झडप तयार होऊ लागते. डावी झडप मूळच्या कवचाचाच पुढचा भाग आणि उजवी नंतरची, असा याचा अर्थ. दोन्ही झडपा ओढून मिटवणारा स्नायूही याच काळात तयार होतो. कावागुती आणि यामासू यांनी १९६० च्या सुमारास ही वाढ टप्प्याटप्प्याने पाहून नोंदवली. शिंपल्याच्या बाळात हा क्रम असाच घडत नाही. त्याच्या दोन्ही झडपा अळीच्या अवस्थेपासून जोडीने वाढतात. दोन्ही गटांनी झडपा आणि त्या मिटवणारा स्नायू वेगवेगळ्या वाटेने, एकमेकांशी संबंध नसताना मिळवले. बाहेरून सारखं दिसणारं अवयवांचं जुळणं नात्याचा पुरावा असेलच असं नाही, हे वर्गात आम्ही पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या पंखांवरून शिकवतो. समुद्रकिनाऱ्याजवळच्या वर्गात ते बर्थेलिनियावरून शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. मुलांना ती हातात घेऊन बघता येते.

मग प्रश्न येतो, अशा गोगलगायीला दोन झडपा कशाला? यावर मी ठाम उत्तर देणार नाही, पण तिच्या नातेवाइकांकडे बघितलं की काही गोष्टी जुळतात. सॅकोग्लॉसा हा गट शैवालाचा रस शोषणाऱ्यांचा. त्यातल्या कवचवाल्या शाखेत अ‍ॅस्कोबुला आणि व्हॉल्व्हाटेला यांचं कवच बुडबुड्यासारखं, प्राण्याला बऱ्यापैकी झाकणारं. ऑक्झिनोई आणि लोबिगर यांचं कवच छोटं, त्यात शरीर पूर्ण मावत नाही. आणि बिनकवचाच्या शाखेत एलिसियासारखे पानाच्या आकाराचे स्लग. कवच कमी करत जाण्याकडे या गटाचा कल दिसतो. ज्युलिइडी कुळाने, ज्यात बर्थेलिनिया येते, कवच टाकलं नाही तर त्याचे दोन भाग केले. त्यामुळे दोन्ही बाजूंनी चपटा होऊन प्राण्याला कौलर्पाच्या अरुंद दांड्यावर आणि पानांच्या बेचक्यांत शिरता येतं, पाय मोकळा वापरता येतो, आणि धोका जाणवला की झडपा मिटून पूर्ण आत जाता येतं. जिवंत प्राणी शैवालावर हिंडताना बघितला की हे कारण पटतं. तुम्ही चिमट्याच्या टोकाने शैवाल हलकं हलवून बघा. तो डोकं आत घेऊन झडपा मिटतो आणि हिरव्या पानांत शोधून काढणं कठीण होतं.

कौलर्पाशी त्याचं नातं समजलं तर ओळखही सोपी होते, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. कौलर्पा दिसायला आडवं खोड, मुळं आणि पानं असलेल्या झाडासारखं असतं, पण ते सगळं मिळून एकच पेशी आहे. आत केंद्रकं असंख्य, पण पेशींना पेशींपासून वेगळं करणाऱ्या भिंती नाहीत. आतून बळकटीसाठी तंतूंचे आधार असतात आणि बाकी सगळा जीवद्रव्याचा साठा सलग. बर्थेलिनियाच्या रॅड्युलावर, म्हणजे दातांच्या पट्टीवर, दातांची एकच ओळ असते आणि एका वेळी त्यातला एकच दात कामाला येतो. शहाळ्याला भोक पाडून पाणी प्यावं तसं तो दात शैवालाच्या भिंतीला टोचतो आणि घशाचे स्नायू आतला रस ओढून घेतात. झिजलेले दात हा प्राणी बाहेर टाकत नाही, तोंडाखालच्या एका पिशवीत साठवतो. जीभ आणि पिशवी या दोन ग्रीक शब्दांवरूनच सॅकोग्लॉसा हे गटाचं नाव आलं आहे. कुणी जाणकार प्राणी कापून बघेल तेव्हा दातांची एक ओळ आणि ही पिशवी दिसली की ओळख पक्की होते. शिंपल्याला रॅड्युला नसतेच.

कौलर्पा स्वतःला जपतं. त्यात कौलर्पेनाइन नावाचं रसायन असतं, ज्यामुळे बरेच शाकाहारी प्राणी त्याला तोंड लावत नाहीत, आणि जखम झाली की ते लवकर बुजवून टाकतं, नाहीतर एका छिद्रातून अख्खी पेशी रिकामी होईल. कवचवाले सॅकोग्लॉसन मात्र कौलर्पावरच जगतात, बर्थेलिनियासुद्धा. तेव्हा ‘कौलर्पावर सापडला’ ही गोष्ट ओळखीला मजबूत आधार देते. पण कौलर्पाच्या झुबक्यात शिंपल्यांची पिल्लंही अडकलेली असतात, म्हणून जागा हा दुय्यम पुरावा, डोकं हा पहिला.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कुणीतरी विचारेल, म्हणून आधीच लिहिते. हिरवा रंग बराचसा आत गेलेल्या कौलर्पाच्या रसाचा असतो, तो पातळ कवचातून दिसतो. एलिसियातल्या काही जाती शैवालातले हरितलवक आपल्या शरीरात आठवडे-महिने जिवंत ठेवतात, हे ऐकून लोक तेच बर्थेलिनियावर चिकटवतात. तसं गृहीत धरू नका. हरितलवक दीर्घकाळ चालू ठेवण्याची करामत बिनकवचाच्या शाखेतल्या काही स्लगची आहे. अन्नाशिवाय ठेवलेली बर्थेलिनिया नुसत्या उजेडावर जगेल, या भरवशावर तिला उपाशी ठेवणं क्रूरपणा होईल.

नाव काय लिहायचं? तुमच्या जागी मी ‘बर्थेलिनिया, जात निश्चित नाही’ असं लिहीन, आणि तेही डोकं, शिंगं आणि डाव्या झडपेवरचा पीळ दिसल्यावर. गाव विशाखापट्टणम आहे म्हणून सरळ वॉल्टेअरेन्सिस लिहून टाकण्याचा मोह होईल. तसं करू नका. वाढीबरोबर झडपेचा आकार बदलतो, त्यामुळे लहान प्राण्याची झडप दुसऱ्या जातीच्या मोठ्या झडपेसारखी दिसू शकते. जात ठरवायला पूर्ण वाढलेल्या कवचाची रूपरेषा, डोक्यावरचे आणि प्रावारावरचे रंगाचे ठिपके, दातांचा आकार, आणि जमलं तर डीएनए, एवढं सगळं लागतं. चुकीचं पूर्ण नाव पुढच्या नोंदींमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतं. अर्धं पण खरं नाव पुढच्या माणसाला काम करू देतं. तुमची पहिली ‘शिंपले’ ही नोंद खोडून टाकू नका, तिच्यापुढे तारीख घालून काय दिसल्यामुळे नाव बदललं ते लिहा. तुमच्या सरांना किंवा मॅडमना तेच वाचायला जास्त आवडेल.

जिवंत ठेवण्याबद्दल. काही दिवस निरीक्षणासाठी ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त ठेवायला मी सांगणार नाही. समुद्राचं पाणी तिथलंच आणा, नळाचं अजिबात नको. छोट्या उथळ भांड्यात पाण्याची वाफ झाली की खारटपणा वाढतो, आणि इतक्या लहान प्राण्याला तो बदल पहिल्या दिवशीच जाचतो. म्हणून भांडं झाकून ठेवा, पाण्याच्या पातळीची बाहेरून खूण करा आणि पातळी उतरली तर थोडं गोडं, क्लोरीन उडालेलं पाणी घालून ती परत आणा. रोज थोडं समुद्राचं पाणी बदला. उन्हात ठेवू नका, खिडकीतला मंद उजेड कौलर्पाला पुरतो. कौलर्पाचा तुकडा ताजा, घट्ट आणि गर्द हिरवा असला पाहिजे. तो पांढरट आणि लुळा पडला तर काढून टाका, कारण कुजणारं कौलर्पा भांड्यातलं पाणी झपाट्याने खराब करतं. प्राण्याने चिकट पारदर्शक पदार्थात बारीक अंडी घातली तर त्यांचे फोटो जरूर घ्या. पिल्लांना वाढवायचा प्रयत्न मात्र घरी करू नका, ते अवघड आहे.

फोटो घेताना मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवा, आणि एक फोटो वरून, एक खालून काचेतून, एकेक दोन्ही बाजूंनी असे घ्या. डावी बाजू चुकवू नका. एखादा नमुना अभ्यासासाठी जतन करायचाच असेल तर जिवंत प्राणी सरळ अल्कोहोलमध्ये टाकू नका, तो झडपा आवळून आत जातो आणि नंतर काहीच दिसत नाही. गोड्या पाण्यात साडेसात टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण करून ते समुद्राच्या पाण्यात हळूहळू मिसळत गेलात की प्राणी बाहेर आलेला असताना सुस्त होतो. मग तो पंच्याण्णव टक्के इथेनॉलमध्ये ठेवला तर डीएनएसाठीही वापरता येतो. साधं, आम्लधर्मी फॉर्मेलिन वापरलंत तर पातळ कवच हळूहळू विरघळतं, आणि पीळ असलेला तो नेमका शेंडा हातचा जातो. एक-दोन नमुन्यांपेक्षा जास्त घ्यायची गरज नाही.

पुन्हा शोधायला जाल तेव्हा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातली पूर्ण ओहोटी बघून जा. तुमच्याकडे भरती-ओहोटीचा फरक कोकणाइतका मोठा नसतो, त्यामुळे खालच्या डबक्यांपर्यंत पोचायला हे दिवस महत्त्वाचे. शैवाल ओरबाडू नका. एक लहान झुबका मुळासकट अलगद सोडवून, डब्यात समुद्राच्या पाण्यात ठेवून आणा आणि ताटलीत पसरून काही वेळ हात न लावता बसा. प्राणी स्वतःहून चालायला लागतात तेव्हाच दिसतात. रत्नागिरी, मालवण, गोव्यातल्या हणजुणे इथल्या खडकांवरही कौलर्पाच्या काही जाती वाढतात, तेव्हा कोकणातल्या वाचकांनाही हीच पद्धत वापरता येईल. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, फोटो काढून परत यायचं.

आणखी एक गोष्ट, आणि ती मी कळकळीने सांगते आहे. निरीक्षण संपलं की प्राणी ज्या डबक्यातून आणले तिथेच सोडा. आणि कौलर्पा बाजारातून, मत्स्यटाकीच्या दुकानातून आणलेलं असेल तर ते समुद्रात, खाडीत किंवा नाल्यात कधीही टाकू नका. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर भूमध्य समुद्रात कौलर्पा टॅक्सिफोलियाचा एक छोटा पट्टा दिसला, आणि पुढे ते शैवाल त्या समुद्राच्या तळावर मैलोन्‌मैल पसरलं. कौलर्पाचा तुटलेला तुकडाही नव्याने वाढू शकतो. दुकानातल्या शैवालाबरोबर अशी गोगलगाय तुमच्या टाकीत आली तर तिला टाकीतच राहू द्या, आणि उरलेलं शैवाल उन्हात कडक वाळवून मगच कचऱ्यात टाका.

तुम्ही खालून काढलेला फोटो आणि डाव्या झडपेच्या शेंड्याचा एक स्पष्ट फोटो इथे टाकलात, तर प्रजातीबद्दल मी नक्की सांगू शकेन. शेंड्याचा फोटो नीट येत नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली झडप किंचित तिरपी ठेवून बाजूने उजेड टाका, सरळ वरून येणाऱ्या उजेडात तो पीळ बहुधा दिसत नाही.